‘पेशंट आला नाही’ एवढंच लिहू नका

सायकियाट्रीच्या ट्रायल्समध्ये स्टॅटिस्टिशियन म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. डिप्रेशनची आठ आठवड्यांची ट्रायल. एका बाईंचा हॅमिल्टन स्कोअर (डिप्रेशन किती तीव्र आहे त्याचं माप; आकडा जास्त तितकं वाईट) सुरुवातीला २६, दुसऱ्या आठवड्यात २२, पुढचे सगळे रकाने कोरे. कारण: ‘पेशंट आला नाही’.

मी बिनधास्त २२ हाच आकडा आठव्या आठवड्यापर्यंत ओढला. याला एलओसीएफ (लास्ट ऑब्झर्वेशन कॅरीड फॉरवर्ड) म्हणतात. कॉलेजात शिकवलेलं, सोपं. सरांनी एवढंच विचारलं, “त्या सहा आठवडे जशाच्या तशा राहिल्या, हे तुला कोणी सांगितलं?”

डिप्रेशन बऱ्याचदा आपसूकही थोडं ओसरतं. डिमेन्शियात उलट, तब्येत घसरतच जाते. तिथे साइड इफेक्टमुळे पेशंट लवकर गळाले, तर हीच पद्धत त्या औषधाला फुकटचे मार्क देते. आणि गळती काही थोडीथोडकी नसते. स्किझोफ्रेनियावरच्या अमेरिकेतल्या ‘केटी’ ट्रायलमध्ये (निकाल २००५) १८ महिन्यांच्या आत ७४ टक्के पेशंटनी नेमून दिलेलं औषध थांबवलं होतं.

आकडे का कोरे राहिले, याची स्टॅटिस्टिशियन रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलेली विभागणी पाठ करण्यापेक्षा पेशंटवर लावून बघा. एसटी चुकली म्हणून आला नाही, हा योगायोग. आधीचे स्कोअर वाईट होते म्हणून गळाला, तर हाताशी असलेल्या आकड्यांवरून अंदाज बांधता येतो. मिक्स्ड मॉडेल (प्रत्येकाचे मिळालेले सगळे स्कोअर एकत्र वापरणारं) किंवा मल्टिपल इम्प्युटेशन (कोऱ्या जागी एकाऐवजी अनेक संभाव्य आकडे भरून बघणं) इथे चालतं. पण त्याच सकाळी अंथरुणातून उठवेना म्हणून आला नाही, तर? हे डेटातून सिद्ध होत नाही. मग गळालेल्यांचे स्कोअर दोन गुणांनी वाईट धरायचे, मग चार, आणि निकाल कुठे उलटतो ते पाहायचं. हे आधीच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहायचं, निकाल पाहून नव्हे.

पीएचक्यू-९ या डिप्रेशनच्या नऊ प्रश्नांच्या फॉर्ममधला नववा प्रश्न, जीव नकोसा होण्याचा, कोरा दिसला तर सरासरी टाकून पुढे जाऊ नका. आधी डॉक्टरांना कळवा.

आणि औषध सोडलं म्हणजे ट्रायल सोडली असं नाही. फोनवर का होईना, पुढचे स्कोअर घेत राहा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. आम्ही स्टॅटिस्टिकवाले उगाच भाव खातो.

सरांनी मला त्या सेंटरला फोन लावायला लावला. कोऑर्डिनेटर ताई हसल्या. “अहो, त्यांना बरं वाटायला लागलं, म्हणून शेतात लावणीला गेल्या. फॉर्मवर ते लिहायला जागाच नव्हती.”