ट्रॉम्बोन हाती घेण्याआधी जे. जे. जॉन्सन नीट ऐका

ट्रॉम्बोनला ना पडदे, ना चाव्या. असते ती एक लांब सरकती नळी, म्हणजे स्लाइड, आणि वाजवणाऱ्याचे ओठ. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना स्लाइड मधल्या सगळ्या श्रुतींवरून घसरत जाते, म्हणून या वाद्यात मींड न मागता मिळते. आपल्या कानाला मींड लाडकी. त्यामुळे नवशिका सुरुवातीला खूश असतो आणि ऐकणारेही दाद देतात. अडचण पुढे येते. मींड नको असते तिथेही ती येतच राहते आणि द्रुत लयीत सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

अमेरिकन जॅझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन यांचं मोठेपण नेमकं याच जागी कळतं. जन्म 22 जानेवारी 1924, इंडियानापोलिस. निधन 4 फेब्रुवारी 2001. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची जॅझमधली नवी चाल, बीबॉप, रुजत होती. वेगवान, वळणावळणाची, सूर एकेक सुटा मागणारी. सॅक्सोफोनला आणि ट्रम्पेटला ती मानवली, ट्रॉम्बोनला मानवणार नाही असंच बहुतेकांना वाटायचं. जॉन्सन यांनी ती स्लाइडवर इतकी स्वच्छ वाजवली की रेकॉर्ड ऐकणाऱ्या अनेकांना हा पिस्टनचा, म्हणजे स्लाइडऐवजी पिस्टन दाबून वाजवायचा ट्रॉम्बोन असावा असं वाटलं. 17 डिसेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कमध्ये पार्करच्या सहा जणांच्या गटात (सेक्स्टेट) त्यांनी केलेलं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. पार्करशेजारी उभं राहून ट्रॉम्बोन कुठेही जड होत नाही, हे त्यात स्पष्ट ऐकू येतं.

वेग म्हणजे किती, याचा हिशेब मांडून पाहा. लय मिनिटाला 240 मात्रांची आणि मात्रेत दोन सूर, म्हणजे सेकंदाला आठ सूर. एका सुराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग. त्यातच स्लाइड हलायची, थांबायची आणि सूर बेसूर न होता लागायचा. हात नुसता चपळ असून हे जमत नाही. हवा अखंड हवी, स्लाइड हलते नेमक्या त्याच क्षणी जिभेचा हलका स्पर्श हवा, आणि स्लाइड पुढच्या जागी पोचून थांबलेली हवी. जीभ उशिरा लागली तर घसरल्याचा आवाज येतो. लवकर लागली तर आधीच्या सुराचं शेपूट तुटतं. हवा अडवली तर प्रत्येक सूर उचकी लागल्यासारखा निघतो. नवशिके बहुतेक वेळा दोष हाताला देतात. खरा दोष हवेत असतो. स्लाइड हलताना ते नकळत फुंक आखडतात.

जिभेसाठी कठीण ‘त’ नको. वरच्या दातांच्या मुळाशी जीभ हलकेच टेकवून ‘द’ म्हणावा तसा स्पर्श करा. आधी एकाच सुरावर, मेट्रोनोम (लयीचा ठोका देणारं यंत्र) 80 वर ठेवून, मात्रेत दोन ‘द-द’. सूर अखंड रेघेसारखा वाटला पाहिजे, जिभेने त्यावर फक्त खूण करायची. मग शेजारच्या दोन पोझिशनमध्ये, म्हणजे स्लाइड थांबवायच्या जागांवर, हेच. स्वच्छ झालं की लय चार-चारने वाढवा. लय वाढवताना सूर पुसट झाला तर सरळ दोन पायऱ्या मागे या, रेटू नका.

सात जागा आणि ब्लूज

टेनर ट्रॉम्बोनची नळी सुमारे 9 फूट, मूळ सूर बी फ्लॅट, म्हणजे पेटीवरची काळी पाच. स्लाइड पूर्ण आत असताना पहिली पोझिशन. प्रत्येक पुढच्या पोझिशनला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. सातवी पोझिशन पहिलीपासून साधारण 60 सेंमीवर. या जागा सारख्या अंतरावर नसतात. पहिली ते दुसरी साधारण साडेआठ सेंमी, सहावी ते सातवी साडेअकरा सेंमीच्या आसपास. तिसरी बेलच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, कडेच्या थोडी आत, चौथी कडेच्या थोडी बाहेर. नळीवर पेनाने खुणा करू नका. डोळ्यांना सवय लागते आणि कान आळशी होतात.

एकाच पोझिशनमध्ये ओठ आवळत गेलात की सूर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या पोझिशनमध्ये खालचा बी फ्लॅट, मग एफ, बी फ्लॅट, डी, वरचा एफ. म्हणून एकच सूर दोन जागी सापडतो, आणि जॉन्सन यांच्यासारख्यांची सगळी चतुराई कोणती जागा केव्हा घ्यायची यात आहे. मधला बी फ्लॅट पहिलीत आहे आणि पाचवीतही. डी पहिलीत आणि चौथीत. मधल्या एफसाठी पहिली आणि सहावी.

ब्लूज हा जॅझमधला एक मूळ साचा; त्यातलं एफ ब्लूज घ्या. पांढरी चार षड्ज धरली तर ब्लूजचे सूर होतात सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी, सा. हे पेटीवर पाच मिनिटांत बसतात. ट्रॉम्बोनवर सोप्या जागा अशा: सा 1, कोमल ग 3, म 1, तीव्र म 4, प 3, कोमल नी 3, वरचा सा 1. आता मध्यम पाचवीत घेऊन पाहा. कोमल गपासून कोमल नीपर्यंत क्रम होतो 3, 5, 4, 3, 3. तिसरीतून पहिलीत येऊन पुन्हा चौथीत पळण्याची उठाठेव वाचते. शिवाय कोमल गवरून मध्यमावर चढताना स्लाइड बाहेर जाते, सूर मात्र वर जातो. अशा वेळी सूर घसरत नाही, टप्पा बदलताना आपोआप तुटतो, जीभ न लावताही स्वच्छ लागतो. याउलट पाचवी, चौथी, तिसरी या एकाच टप्प्यावरच्या सुरांत जीभ चुकली की घसरण ऐकू येणारच. कुठे जीभ हवी आणि कुठे नको, हे या एका ओळीतून शिकता येतं. म्हणून पहिला महिना हीच ओळ धरावी. एक खबरदारी: या टप्प्यावरचे सूर निसर्गतः किंचित उतरे लागतात, तेव्हा पाचवी थोडी आत ओढून घ्या.

आपल्याकडे केहरव्यात वजन समेवर पडतं. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोम निम्म्या लयीवर लावून त्याचा ठोका दोन-चारवर धरायचा. पहिले काही दिवस तो हटकून एकवर सरकतो. तेव्हा वाद्य खाली ठेवून नुसती टाळी आणि तोंडाने सूर, इतकंच करावं.

ऐकायचं कसं

सुरुवातीला सर्वांत वेगवान रेकॉर्ड निवडू नका. 29 एप्रिल 1954 रोजी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटाने ध्वनिमुद्रित केलेलं ‘वॉकिन’ हे एफमधलं मध्यम लयीचं ब्लूज आहे, त्यात जॉन्सन यांचा सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, आहे. 12 बारचं आवर्तन, बारला चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांनी फेरी पुन्हा सुरू. पहिल्यांदा नुसत्या फेऱ्या मोजा. पाचव्या बारला साथ मध्यमावर जाते, नवव्याला पंचमावर. हे दोन बदल न चुकता ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग चार बारचा एकच तुकडा घ्या. आधी गा, सरगम लावून गा. मोबाइलवर वेग 0.75 केला तरी पट्टी बदलत नाही, तो वापरा. गाता आला की वहीत सूर लिहा, प्रत्येक सुराखाली शक्य असलेल्या दोन्ही पोझिशन लिहा, आणि कमी धावपळीची वाट शोधा. शेवटी वाजवा. गाता न येणारा तुकडा वाजवायला घेतला की हात सूर शोधत बसतो आणि सगळा वेळ वाया जातो. आठवड्याला चार बार पुष्कळ झाले.

ऐकताना वेगापलीकडच्या गोष्टींवर कान ठेवा. आवाज चढवून जॉन्सन परिणाम साधत नाहीत, मध्यम जोरातच राहतात. सूर सरळ, कंप जवळजवळ नाही. वाक्य संपलं की थांबतात, आणि पुढचं वाक्य आधीच्याच एखाद्या तुकड्यातून उचलतात. मींड घेतात, पण क्वचित, आणि म्हणूनच ती लागते. 1954 पासून काय (Kai) विंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवादकाबरोबर त्यांचा जोडगट होता. त्या ध्वनिमुद्रणांत कोणता सोलो कोणाचा हे ओळखायचा सराव करा; कान तयार करायला यापेक्षा चांगला अभ्यास सापडणार नाही. संथ चालीसाठी जॉन्सन यांचीच रचना ‘लमेंट’ आहे. वेगाच्या मागे लागलेल्यांनी ती मुद्दाम ऐकावी: इतक्या कमी सुरांत इतकी आर्तता फार थोड्या वादकांना साधली आहे.

मराठवाड्यात शिकवणार कोण

जॅझ ट्रॉम्बोनचा शिक्षक जालन्यात, बीडला किंवा हिंगोलीत मिळेल ही आशा धरू नका. पण बँड पार्टीत युफोनियम, म्हणजे पिस्टनचं मोठं पितळी वाद्य, वाजवणारा माणूस गाठा. ओठांची ठेवण आणि फुंक शिकायला तोच योग्य. दोन्ही वाद्यांचा मूळ सूर बी फ्लॅट, पल्ला सारखा, मुखनळीही जवळपास तेवढीच. पिस्टन आणि पोझिशन यांचा मेळही सरळ बसतो: काहीच न दाबता पहिली, दुसरा पिस्टन म्हणजे दुसरी पोझिशन, पहिला म्हणजे तिसरी, पहिला-दुसरा म्हणजे चौथी, दुसरा-तिसरा म्हणजे पाचवी, पहिला-तिसरा सहावी, तिन्ही मिळून सातवी. मास्तरांना स्लाइड येत नसली तरी या हिशेबाने ते तुमची चूक पकडू शकतात. नोटेशन मात्र बास क्लेफमध्ये (खालच्या सुरांसाठीच्या लिपीचिन्हात) वाचायला शिका.

वरातीत वाजवत असाल तर लग्नसराईत ओठ राठ होतात. मोकळ्यावर आवाज परत येत नाही म्हणून माणूस गरजेपेक्षा जोरात फुंकतो आणि मुखनळी ओठांवर दाबतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटं अगदी हळू आवाजात लांब सूर आणि जीभ न लावता टप्पे चढणं-उतरणं, एवढंच करा. शेतात किंवा गच्चीवर रियाज करायची वेळ आली तर भिंतीकडे तोंड करून, चार-पाच फुटांवर उभे राहा. स्वतःचा खरा आवाज ऐकू येईल.

वाद्य घेताना आणि सांभाळताना

नवशिक्याने साधा टेनर घ्यावा. अंगठ्याच्या चावीचा, जास्तीच्या नळीचा नको; तो जड पडतो आणि जॅझच्या सुरुवातीला त्याची गरज नसते. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 12.7 मिमीच्या आसपास. विकणाऱ्याला आधी स्पष्ट विचारा की स्लाइडचा आहे की पिस्टनचा. जुना घेत असाल तर स्लाइड उभी धरून कुलूप काढा, खाली हात ठेवा आणि तिला आपोआप उतरू द्या. अडखळली तर कुठेतरी पोचा आहे किंवा नळ्या समांतर नाहीत. आतल्या आणि बाहेरच्या नळीत फट अगदी बारीक असते, न दिसणारा पोचाही वेगवान वादन अशक्य करतो. तशी स्लाइड असेल तर स्वस्तातही घेऊ नका. प्लास्टिकचा ट्रॉम्बोन 800 ग्रॅमच्या आसपास असतो, शाळकरी मुलांना तो बरा.

वाद्याचं वजन डाव्या हातावर. उजव्या हाताने स्लाइड अंगठा आणि दोन बोटांत हलकी धरायची, मनगट सैल. मूठ वळली की सगळा खांदा हलतो.

स्लाइडला खोबरेल किंवा शिलाईयंत्राचं तेल लावू नका. धूळ बसून त्याचा चिकटा होतो. स्लाइड क्रीम तुरीच्या दाण्याएवढं, आतल्या नळ्यांच्या टोकाशी जो किंचित जाड भाग असतो त्यावर पसरा, जास्तीचं पुसा, वर पाण्याचा फवारा मारा. पाणी आरओचं घ्या. आपल्या बोअरवेलच्या पाण्यातला क्षार नळीवर पांढरा थर धरतो आणि स्लाइड खरखरते. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि नळीचा लवचिक ब्रश. उकळतं पाणी वापरलं तर लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, सुटतं.

मे महिन्यात वाद्य चढं लागतं, कारण गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवण्याची वेगळी छोटी स्लाइड, थोडी बाहेर काढा. परभणीच्या डिसेंबरातल्या पहाटे उलट होतं. तेव्हा आधी दोन-तीन मिनिटं नळीतून नुसती ऊबदार फुंक सोडा, मग काळी पाचशी सूर जुळवा. एसटीत वाद्याची पेटी मांडीवर किंवा पायांत उभी, स्लाइडचं कुलूप लावलेलं. वरच्या फळीवर कधीच नाही.

पुढे काय

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या मंडळांच्या ट्रॉम्बोनच्या श्रेणी परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत आहेत. तयारी घरी करता येते, पण पियानोच्या साथीचा सराव आधीपासून हवा, पेटीवर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनची पदे निघतात. तिथे वादनाबरोबर शारीरिक चाचणीही असते, म्हणून जाहिरातीतल्या अटी नीट वाचून धावण्याचा सराव वेळेत सुरू करा. लष्करी बँडचं प्रशिक्षण पचमढीला होतं. फक्त जॅझवर पोट भरेल असं मानून शिक्षण सोडू नका: 1952 ते 1954 या काळात खुद्द जॉन्सन कारखान्यात ब्लूप्रिंट तपासण्याची नोकरी करत होते, आणि 1970 मध्ये चित्रपट व दूरचित्रवाणीच्या संगीतरचनेसाठी हॉलिवूडला गेले. ते काम त्यांना मिळालं ते रचना आणि वाद्यमेळ लिहिता येत असल्यामुळे. म्हणून वादनाच्या दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक तास नोटेशन लिहिण्यासाठी राखून ठेवा, आणि सुरुवात बँडमधल्या तीन वाद्यांसाठी एफ ब्लूज लिहून करा: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बी फ्लॅटचे असतात, त्यांचे सूर एका पूर्ण स्वराने चढवून लिहायचे. ट्रॉम्बोनचे वाजतात तसेच.