मुरगाव बंदरातून एका दिवसात जुने गोवे

क्रूझने मुरगाव बंदरात उतरणाऱ्या प्रवाशाने दिवसाची आखणी जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत करावी. प्रवाशांनी जहाजावर परतण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते, म्हणून तीच वहीत लिहून घ्यावी आणि बंदरात परतण्यासाठी तिच्या आधी निदान दीड तास राखून ठेवावा, कारण वास्को आणि झुवारी पुलाच्या रस्त्यावर वाहतूक कधी तुंबेल याचा नेम नसतो.

सर्वांत लांबचे ठिकाण आधी पाहावे, म्हणजे सकाळी थेट जुने गोवे गाठावे. तेथे बहुतेक जण बॉम जीझस बासिलिका हे प्रसिद्ध चर्च पाहून परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. समोरच्या टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांसाठी पाऊण तास तरी द्यावा. 1602 साली पूर्ण झालेल्या या चर्चचे छत 1842 मध्ये कोसळले, पुढे 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, तरीही जांभ्या दगडाचा सुमारे 46 मीटर उंचीचा तो मनोरा आजही पाहणाऱ्याला थांबवतो. सावली कमी असल्याने टोपी व पाणी सोबत ठेवावे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

परतीच्या वाटेवर पणजीत फोंताइन्यास भागात पायी फिरून जेवण घ्यावे. दोना पावलाला वेळ उरला तरच जावे.