उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली तर

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, सिन्नर, निफाड या बागायती पट्ट्यात बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. बारा-अठरा महिने उभं राहणारं दाट पीक, पाटाचं पाणी, वस्तीवरची कुत्री-शेळ्या हे सगळं आपणच तिथे आणलं. तेव्हा तोडणीत पिल्लं सापडली तर त्यांची जबाबदारीही आपलीच. या भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं दगावली आहेत, त्यामुळे लोकांची भीती खरी आहे. पण पिल्लं हरवलेली मादी चिडून त्यांना शोधत वस्तीभोवती फिरते. ती तिला परत मिळण्यात माणसांचंही रक्षण आहे.

काळजी पहिला कोयता पडण्याआधीच घ्यायची. पाचट जाळण्यासाठी उभा फड पेटवू नका, डोळे न उघडलेली पिल्लं जागेवर जळतात. चारही बाजूंनी तोडत आत येऊ नका. एका कडेनं सुरू करा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे आत जे जनावर असेल त्याला निघून जाता येईल. ऊसतोड मजुरांच्या टोळीची लहान मुलं बांधावर झोपवलेली असतात. त्यांना तोडलेल्या, उघड्या बाजूला ट्रॉलीजवळ ठेवा आणि सोबत एक मोठं माणूस बसवा.

पिल्लं दिसली की कोयते थांबवा. मादी बहुधा त्याच फडात किंवा शेजारच्या उसात असते. घोळका करून कोंडाळं केलं तर तिची वाट अडते, आणि हल्ला व्हायचा तो अशा वेळी. सगळ्यांनी मिळून, आवाजात बोलत, तोडलेल्या बाजूनं निदान शंभर पावलं मागे या. कुत्री बांधा. फोटोसाठी कुणालाही परत आत जाऊ देऊ नका. बाहेर पडताना जागा नीट लक्षात ठेवा. बांधावर काठीला फडकं बांधा, सरी मोजा, फोनवर ठिकाण साठवा. मादी ज्या जागी पिल्लं ठेवून गेली तिथेच परत येते, म्हणून ही खूण फार मोलाची.

मग वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. गाव, गट नंबर, पिल्लं किती, डोळे उघडलेत का, जखम दिसते का आणि कुणी हात लावला का, एवढं सांगा. हात लागला असेल तर लपवू नका, त्यावरून कुणी दोष देत बसण्यात अर्थ नाही. डोळे साधारण आठवडा-दहा दिवसांनी उघडतात, म्हणून त्यावरून वयाचा अंदाज येतो.

सापडलेली पिल्लं दर वेळी बिबट्याचीच असतात असं नाही. बिबट्याच्या पिल्लाचं डोकं जड, कान गोल, पंजे जाड आणि अंगावर दाट काळे ठिपके असतात. रानमांजराची पिल्लं सडपातळ, मातकट रंगाची, टोकदार कानांची असतात. वाघाटी या अगदी छोट्या जंगली मांजराची पिल्लं तर तळहातावर मावतात. ओळख पटली नाही तरी अडत नाही, तिघांसाठीही करायचं तेच.

सर्वाधिक नुकसान दयेपोटी होतं. पिल्लू केविलवाणं ओरडतं, कुणीतरी ते घरी नेतं आणि बाटलीनं गाईचं दूध पाजतं. त्या दुधानं हगवण लागते. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जाऊन पिल्लू मरतं. जगलं तर माणसाला सरावतं, मग ते रानात सोडता येत नाही आणि सगळं आयुष्य पिंजऱ्यात जातं. भुकेनं ओरडणाऱ्या पिल्लाला तसंच राहू देणं जड जातं, पण खायला काही देऊ नका. पिल्लू आधीच उचललं गेलं असेल तर भोकं असलेल्या खोक्यात गोणपाट अंथरून सावलीत ठेवा. गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. पाहायला गर्दी नको.

वन विभागाची माणसं आणि पशुवैद्य पिल्लं तपासतात, गोचीड काढतात. दिवस मावळायच्या आत ती मूळ जागी, उघड्या क्रेटमध्ये ठेवतात. कडा अशा की पिल्लाला चढता येऊ नये, पण मादीला सहज उचलता यावं. हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा ट्रॅप कॅमेरा लावून सगळे लांब जातात. मादी बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. दोन खेपांमध्ये बराच वेळ जाऊ शकतो, म्हणून एक पिल्लू गेल्यावर लगेच क्रेट उचलायला जायचं नाही. पहिल्या रात्री ती आली नाही तरी प्रयत्न सोडत नाहीत, पुढच्या रात्री पुन्हा ठेवतात.

काम फसतं ते बॅटरीच्या झोतानं, मोटारसायकलींच्या फेऱ्यांनी आणि जागा बदलल्यामुळे. शेतकऱ्याकडून दोन गोष्टी हव्यात. त्या जागेभोवती उसाचा पट्टा उभा ठेवा, कारण उघड्या रानात मादी यायला बिचकते. आणि रात्रपाळीची वीज असली तरी त्या रात्री मोटार चालू करायला जाऊ नका. तोडणी फडाच्या दुसऱ्या टोकाला दिवसा चालू ठेवता येते का, ते वनरक्षकाला विचारून ठरवा. काम पूर्ण थांबलं तर टोळीचा रोज बुडतो, कारण तिला पैसे टनावर मिळतात. तो भार शेतमालकानं उचलावा असं आमचं ठाम मत आहे. पोट हातावर असलेल्या माणसांवर तो टाकणं बरोबर नाही.

सकाळी क्रेट रिकामा दिसला तरी कॅमेरा पाहून वनरक्षकानं होकार दिल्यावरच राहिलेला पट्टा तोडा. मादीनं पिल्लं बहुधा जवळच्याच उसात हलवलेली असतात, म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या मुकादमाला त्याच दिवशी कळवा.