वाड्यातल्या आवाजाचा नकाशा कसा काढायचा

गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात रात्री पार्टीचे संगीत सुरू असताना मोबाईल उंच धरून "बघा, ८२ डेसिबल!" म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण तो आकडा कुठे घेतला, किती वेळ घेतला आणि यंत्र कोणत्या फिल्टरवर होते, हे कळल्याशिवाय त्यातून काही हाती लागत नाही. वाड्याचा, म्हणजे गावातल्या वस्तीचा, आवाजाचा नकाशा काढला तर आवाज कुठून येतो, कुठे अडतो आणि कोणत्या घराला सर्वात जास्त लागतो, हे कागदावर दिसते.

साहित्य थोडेच लागते. दोन फोन, 'ए' (कानासारखे खालचे स्वर कापणारा) आणि 'सी' (ते बहुतांशी तसेच ठेवणारा) असे दोन्ही फिल्टर असलेले हातात धरायचे ध्वनिमापक यंत्र (शक्यतो क्लास २ या अचूकतेच्या दर्जाचे), माइकवर बसवायचा स्पंजचा गोळा, दोन ट्रायपॉड आणि वाड्याचा छापील नकाशा. अँड्रॉइडवर नॉइजकॅप्चर आणि आयफोनवर नायॉश या अमेरिकी संस्थेचे मोफत अ‍ॅप चालते.

आधी फोन जुळवून घ्या. फोन आणि यंत्र शेजारी-शेजारी, स्पीकरपासून १ मीटरवर ठेवा. स्पीकरवर पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला एकसारखा 'श्श' आवाज) लावा. गाणे लावू नका, कारण त्यात पातळी सतत हलते. ५०, ६०, ७० आणि ८० डेसिबलला दोघांचे आकडे टिपा. फरक चारही ठिकाणी सारखा असेल तर तेवढी दुरुस्ती अ‍ॅपमध्ये भरता येते. वरच्या टोकाला फोन मागे पडत असेल तर तेवढा मोठा आवाज त्याच्या माइकला झेपत नसतो. तो फोन मोठ्या आवाजाजवळ वापरू नका. कव्हर काढा आणि माइकचे भोक तपासा. समुद्राकाठी त्यात मीठ-धूळ लवकर बसते आणि आकडा हळूहळू खाली सरकतो, म्हणून ही जुळणी दर मोहिमेआधी पुन्हा करावी लागते.

नकाशावर ५०-५० मीटरच्या चौकटींची जाळी आखून २० जागा निवडा. माइक जमिनीपासून १.५ मीटर उंच आणि भिंतीपासून निदान ३.५ मीटर लांब हवा. भिंतीपासून एक-दोन मीटरवर मोजले तर परावर्तनामुळे साधारण ३ डेसिबल जास्त दिसतात. प्रत्येक जागी ५ मिनिटे एल-ई-क्यू (Leq), म्हणजे तेवढ्या वेळाची सरासरी पातळी, घ्या. ही ऊर्जेची सरासरी असते, साधी नव्हे. अर्धा वेळ ५० आणि अर्धा वेळ ७० डेसिबल असेल तर उत्तर ६० नाही, ६७ येते. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा किंवा स्कूटर अगदी जवळून गेली तर ते माप टाकून पुन्हा घ्या.

नवखे हमखास फसतात ते इथे: वीस जागा फिरेपर्यंत दोन तास जातात आणि तोवर संगीतच बदललेले असते. म्हणून दुसरा फोन एका जागी बांधून सतत चालू ठेवा. सातव्या जागेच्या पाच मिनिटांत त्याची पातळी त्याच्या पूर्ण रात्रीच्या सरासरीपेक्षा ३ डेसिबल जास्त असेल, तर सातव्या जागेच्या मापातून ३ वजा करा. दोन्ही जागी तोच स्रोत वरचढ असेल तरच हा हिशेब खरा.

मापे पटतात का ते पाहायला मोकळ्या मैदानात एकट्या स्पीकरची साधी कसोटी आहे. अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी व्हायला हवेत: २० मीटरवर ८०, ४० वर ७४, ८० वर ६८. त्याहून कमी घट दिसली तर दुसरा स्रोत किंवा परावर्तन शोधा.

आता बासचा, म्हणजे संगीतातल्या खालच्या स्वरांचा, प्रश्न. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा २००० च्या नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, आणि तीही 'ए' फिल्टरने. हा फिल्टर ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कापतो. म्हणजे ७० डेसिबलचा धडधडणारा बास यंत्रावर ४४ दिसतो आणि मर्यादेत बसतो! त्या स्वराची तरंगलांबी साडेपाच मीटर, त्यामुळे सहा फुटी कुंपण त्याला अडवत नाही. चिऱ्याची जाड भिंत वरचे स्वर थोपवते, बास मात्र खिडक्या-कौलांतून आत शिरतो. प्रत्येक जागी 'सी' आणि 'ए' दोन्ही मापे घ्या. फरक १५ च्या वर गेला तर तिथे बासचे राज्य आहे असे समजा. हे माप यंत्रानेच घ्या. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि बरेच फोन १०० हर्ट्झच्या खाली कमी ऐकतात. खोलीत मोजताना एक जागा कोपऱ्यातली ठेवा, कारण बास मध्यभागी मंद आणि कोपऱ्यात जोरदार असतो.

ऋतूही लिहून ठेवा. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे 'ए' चा आकडा चढवतात. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती आवाज, त्या आलेखात) रातकिडे काही हजार हर्ट्झवर अरुंद सुळक्यासारखे वेगळे दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री जमिनीलगतची हवा थंड असली की आवाज खाली वळतो आणि खाजन (खाडीकाठची सखल शेती) किंवा नदीच्या पात्रावरून लांबवर जातो. वारा ५ मीटर प्रतिसेकंदाच्या वर गेला तर मोजणे थांबवा. स्पंज भिजला तरी थांबवा. म्हापशाजवळ असाल तर शुक्रवार टाळा, बाजाराची रहदारी मापात मिसळते.

रंग भरायला ४० ते ७५ च्या दरम्यान ५ डेसिबलच्या पायऱ्या घ्या, फिकट पिवळ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत. इंद्रधनुषी रंग टाळा, त्यात मधला हिरवा उगाच 'सुरक्षित' भासतो. दोन शेजारच्या जागांमधली समपातळीची रेषा हाताने आखता येते. क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीने काढली तर एकेका जागेभोवती गोल डाग उठतात. ते खरे नसतात, जागा विरळ असल्याची खूण असते. तिथे आणखी मापे घ्या. 'सी' वजा 'ए' चा नकाशा वेगळ्या कागदावर काढा.

फोनचे माप अधिकृत धरले जात नाही. पण तक्रारीसोबत हा नकाशा जोडला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणित यंत्र कोणत्या जागी, किती वाजता लावायचे हे नेमके सांगता येते. कोपऱ्यात तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि यंत्राचा फिल्टर लिहायला विसरू नका.