एनएफएस सर्व्हर बंद करण्याआधी

येत्या शनिवारी रात्री आमचा स्टोरेज सर्व्हर डिस्क बदलण्यासाठी पुन्हा बंद होणार आहे. मागच्या वेळी याच कामात चौदा लिनक्स मशीन माझ्या हातातून गेली, म्हणून या वेळची तयारी आधीच लिहून काढतोय. ज्यांच्याकडे होम फोल्डर एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सर्व्हरच्या डिस्कवर, आहेत त्यांनी तरी नीट वाचा.

सगळ्यात आधी, प्रत्येक क्लायंटवर, म्हणजे सर्व्हरचे फोल्डर वापरणाऱ्या मशीनवर, असं एक लॉगिन हवं ज्याचं होम फोल्डर त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर आहे. मी हेच विसरलो होतो. रूटला (सर्वाधिकारी युजर) थेट एसएसएच (दुरून लॉगिन) बंद होतं, ते योग्यच. मी माझ्या नावाने शिरून सुडोने रूटचे अधिकार घ्यायचो, आणि माझं होम होतं एनएफएसवर. सर्व्हर गेला तेव्हा एक टर्मिनल उघडं होतं, पण त्याच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पहिलंच नाव शेअरवरच्या (सर्व्हरवरून घेतलेल्या फोल्डरमधल्या) टूल्सच्या फोल्डरचं. कमांड दिली की शेल तिला आधी तिथे शोधायला गेलं आणि परत आलंच नाही. कंट्रोल-सी दाबून उपयोग नाही. नवं लॉगिन करायला गेलो, तर पासवर्ड विचारण्यापर्यंतही गाडी पोचेना, कारण एसएसएचडी (लॉगिन घेणारा प्रोग्राम) आधी होममधली कीजची फाइल उघडायला जातो आणि ती फाइल त्याच अडकलेल्या शेअरवर. शेवटी मशीनरूममध्ये जाऊन एकेकाचं पॉवर बटण दाबावं लागलं.

तेव्हा वेगळा युजर काढा, त्याचं होम लोकल डिस्कवर ठेवा, लॉगिनची एसएसएच की तिथेच ठेवा, सुडोचा अधिकार द्या. होम ‘/होम’खाली देऊ नका, तिथे ऑटोमाउंट (शेअर लागेल तेव्हा आपोआप जोडणं) असेल तर लोकल फोल्डर त्याच्याखाली झाकलं जाईल. पाथमध्ये शेअरवरचं एकही नाव नको. ‘/ईटीसी/प्रोफाइल.डी’मधली स्क्रिप्टं उघडून बघा, एखादी शेअरवरून काही वाचत असेल तर हे लॉगिनही अडकेल. आणि मग चौदाच्या चौदा मशीनवर खरोखर लॉगिन करून बघा. युजर काढला म्हणजे काम झालं असं समजू नका, लॉगिन करून बघा.

कुठल्या मशीनवर काय माउंट आहे, म्हणजे जोडलेलं आहे, याची यादी काढून ठेवा. ‘/प्रॉक/माउंट्स’ वाचा, ते कधी अडकत नाही. डिस्कची जागा दाखवणारं ‘डीएफ’ अडकतं, कारण ते प्रत्येक माउंटला जागा विचारत जातं. लोकलपुरतं हवं असेल तर ‘डीएफ -एल’.

बॅकअप ताजा आहे ना, बघा.

एफएसटॅब, म्हणजे काय कसं माउंट करायचं त्याची फाइल, तिच्याबद्दल एक ठाम सांगतो. ‘सॉफ्ट करून टाका, म्हणजे काही अडकणार नाही’ हा सल्ला सर्रास मिळतो. ज्या शेअरवर लिखाण होतं तिथे हे करू नका. सॉफ्टमध्ये मुदत संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोग्रामला एरर देतो, बरेच प्रोग्राम तो तपासतच नाहीत, आणि अर्धवट फाइल पूर्ण समजून पुढे वापरली जाते. हार्डच राहू द्या. अडकलेली प्रोसेस सर्व्हर आला की होती तिथून पुढे चालते, आणि आपल्याला हवंय तेच. ‘टाइमओ’चा (उत्तराची वाट बघण्याची मुदत) आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, 600 म्हणजे 60 सेकंद. अडकलेली प्रोसेस मध्येच तोडू देणाऱ्या ‘इंटर’वर विसंबू नका, कर्नल 2.6.25 पासून त्याला काही अर्थ उरलेला नाही.

दर पाच मिनिटांनी ‘डीएफ’ चालवणारी मॉनिटरिंगची स्क्रिप्ट त्या रात्रीपुरती बंद. नाहीतर प्रत्येक खेपेला एक नवी प्रोसेस डी अवस्थेत (उत्तराची वाट बघत) अडकते, आणि सीपीयू रिकामा असूनही लोड चढत राहतो.

शेअर कोणी धरून ठेवलाय हे सर्व्हर जिवंत असतानाच उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने बघा. नंतर ते स्वतःच अडकतं. सर्व्हिसेस थांबवा, शेअर रीतसर अनमाउंट करा, आणि मगच सर्व्हर बंद. त्याच्या पाच मिनिटं आधी त्या लोकल युजरने पुन्हा लॉगिन करा, रूट व्हा, ‘/’मध्ये उभे राहा, टर्मिनल उघडं ठेवा. हो, पुन्हा तेच सांगतोय.

एखादं मशीन तरीही अडकलंच तर आधी दोष कुठला ते ठरवा. पिंग, मग एनएफएसचं पोर्ट 2049, मग ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचे संदेश) ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आहे का. फोल्डरची छोटी यादी दिसते पण मोठी फाइल वाचताना थांबतं, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. दोन्ही टोकांना 9000 आणि मधल्या स्विचवर 1500 असेल तर हेच होतं. तुकडे न करता 8972 बाइटचा पिंग पाठवा. उरलेले 28 हेडरचे. अडकलेल्या प्रोसेसला फक्त किल -9 (सक्तीने बंद करणं) लागू पडतो, तोही दर वेळी नाही. त्यानंतर ‘यूमाउंट -एफ’, म्हणजे सक्तीने अनमाउंट. ‘यूमाउंट -एल’ अगदी शेवटी, कारण नाव यादीतून जातं पण अडकलेल्या प्रोसेस तशाच राहतात, आणि मग त्या कशावर अडकल्यात हे शोधणं कठीण होतं.

सर्व्हर परत आल्यावर एनएफएसची आवृत्ती 4 असेल तर साधारण 90 सेकंद फाइली उघडणार नाहीत, जुन्या क्लायंटना लॉक परत मागायला वेळ दिलेला असतो. थांबा, रीबूट करू नका. डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला असेल तर ‘स्टेल फाइल हँडल’ अशी एरर येईल, अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. मॉनिटरिंग सुरू करा. यादीशी माउंट ताडून बघा, आणि चौदाही मशीन जुळेपर्यंत लोकल लॉगिनची टर्मिनलं बंद करू नका.