जुनी होंडा सिव्हिक (1996–2000): या चुका टाळा

1.6 लिटर पेट्रोल इंजिनाची ही सिव्हिक वयापेक्षा चुकीच्या निदानानेच जास्त बिघडते.

नेहमीची तक्रार: उन्हात उभी केलेली गाडी, स्टार्टर जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, थोड्या वेळाने काच उघडी ठेवली की आपोआप सुरू. इथे बहुतेक जण थेट फ्युएल पंप बदलतात. आधी मेन रिले (पंपाला वीज पोचवणारा स्विच) तपासा. तो ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली असतो आणि केबिन तापली की आतल्या सोल्डरच्या बारीक भेगा उघडतात. गाडी बंद पडलेली असतानाच चावी ऑन करा. मागच्या सीटखालून साधारण 2 सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. ती नसेल तर पहिला संशय रिलेवर. रिले उघडून पिनांभोवती भिंगातून पाहा, गोल रेघ दिसली की तीच भेग. नव्याने सोल्डर मारलं तरी काम होतं. पंप वाजतोय पण स्पार्क नाही, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागातला) इग्नायटर, म्हणजे स्पार्क घडवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बघा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकणं हा तर शुद्ध अडाणीपणा. इंजिन थंडच राहतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ज्या मायलेजसाठी गाडी घेतली तेच जातं. नुसतं पाणीही भरू नका. कूलंट बदलल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड इंजिन रेडिएटरची टोपी काढून सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत पातळी भरत राहा. हवा आत राहिली तर हेड गॅसकेटवर (सिलिंडर हेडखालच्या सीलवर) बेततं.

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज बंद करायला त्यांची गॅप (फट) आवळू नका. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसला नाही की जळतो, तोही गुपचूप. इंजिन पूर्ण थंड असताना गॅप अशी ठेवा: इनटेक 0.18–0.22 मिमी, एक्झॉस्ट 0.23–0.27 मिमी.

टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा पट्टा) तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, त्यामुळे 'अजून चालतोय' हा हिशेब इथे चालत नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, तोही सोबतच बदला. बेल्ट बसवताना क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य शाफ्ट) घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवा. हे इंजिन तसंच फिरतं. टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाचा) बोल्ट आवळण्याआधी क्रँक फिरवून कॅम पुली (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या शाफ्टची पुली) त्याच दिशेने 3 दात पुढे न्यायची असते. घाईत हीच पायरी सुटते आणि बेल्ट सैल राहतो.