नळयोजना सौरपंपावर नेताना: आधी विहीर, पॅनेल नंतर

ग्रामसभेत सौरपंपाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, पॅनेल कुठं बसवायची? या प्रश्नाची पाळी खरं तर बरीच नंतर येते. सौरपंपाने विजेचं बिल जातं, पण विहिरीत थेंबही वाढत नाही. उलट बिलाची धास्ती गेली की उपसा वाढतो, आणि आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका. हिशेबासाठी ६०० लोकवस्तीचं, १२० घरांचं गाव धरू.

१. उद्भवाची (पाण्याच्या स्रोताची) परीक्षा मे महिन्यात घ्या

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या मुरमात. दिवाळीला काठोकाठ असलेली विहीर एप्रिलअखेर तळ दाखवते, त्यामुळे हिवाळ्यात केलेल्या तपासणीवर विसंबू नका. ऐन उन्हाळ्यात विहिरीची पातळी मोजा, पंप काही तास सलग चालवा, पातळी किती उतरली ते लिहा आणि पंप बंद करून ती पुन्हा वर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. ग्रामपंचायतीने अर्ज करून तिथल्या भूवैज्ञानिकाला विहिरीवर बोलवावं.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. ६०० माणसांना ३३,००० लिटर. गुरांचं पाणी यात नाही, ते वेगळं धरा. दुभत्या म्हशीला दिवसाला ४०-५० लिटर सहज लागतं.

मे महिन्यात एवढं पाणी निघत नसेल तर पंपाचा विषय तिथेच थांबवा आणि आधी पाणलोटाची कामं घ्या. निघत असेल तर ते टिकवायचे नियम आत्ताच ठरवा, कारण पंप सुरू झाल्यावर नियम करायला कुणी बसत नाही. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेऊ नये, असं भूजल कायदा सांगतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाळलं जातं ते गावाने मनावर घेतलं तरच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःहून बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची पद्धत पाडली.

२. पाणी प्रयोगशाळेत पाठवा

दिसायला नितळ पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर दीड. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांनी फ्लोराइड आणि अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांनी क्षार आवर्जून तपासावेत. पाणी उकळून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून यातलं काहीच जात नाही. अशा वेळी फिल्टर बसवण्याआधी दुसरा उद्भव शोधणं केव्हाही बरं, कारण आरओ यंत्र बरंच पाणी वाया घालवतं आणि त्याची देखभाल वर्षभरात मागे पडते.

३. पंपाचं गणित स्वतः करा

विक्रेता मोठाच पंप सुचवणार. आपल्या गावाचं ३३,००० लिटर, म्हणजे ३३ घनमीटर पाणी समजा ६० मीटर उंच चढवायला निव्वळ ऊर्जा लागते साधारण ५.४ युनिट (३३ × ६० × ९.८१ ÷ ३६००). पंप आणि पाइपातली घट धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली तर रोज साडेतेरा युनिट. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट देतं. म्हणजे ३ किलोवॉट पॅनेल आणि ३ एचपीचा पंप पुरतो. उंची मोजताना विहिरीतली उन्हाळ्यातली पातळी आणि टाकीचं तोंड यांमधलं अंतर धरा. विहीर किती फूट खोदली हा आकडा इथे उपयोगाचा नाही.

बॅटरी घेऊ नका, टाकी मोठी बांधा. दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी असली की पावसाळ्यातले ढगाळ दिवस निभतात. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हासाठी जुनी वीजजोडणी तोडू नका. पंप सौर आणि महावितरणच्या विजेवर आलटून पालटून चालवता येईल असा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. टाकी भरल्यावर आणि विहीर कोरडी पडल्यावर मोटर आपोआप बंद होईल अशी सोय हवीच. पंपाखेरीज दुसरी यंत्रंही चालवणारा युनिव्हर्सल कंट्रोलर घेतला तर उरलेल्या विजेवर पिठाची गिरणीही चालते.

४. पाणीपट्टी माफ करू नका

ऊन फुकट, मग पट्टी कशाला, असा सूर निघतोच. पण मोटर कधीतरी जळणार, कंट्रोलर बिघडणार, पाइप फुटणार. १२० घरांकडून महिना ५० रुपये घेतले तर वर्षाला ७२,००० जमतात. त्यासाठी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचं वेगळं खातं ठेवा आणि जमाखर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवा. समितीत निम्म्या महिला असाव्यात असं मिशनचं मार्गदर्शन सांगते. त्यांची नावं कागदावर आणि बैठकीला नवरे, असं चालू देऊ नका. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे घरात त्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

५. आता पॅनेल

तोंड दक्षिणेला, कल साधारण आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे महाराष्ट्रात १६ ते २२ अंश. सकाळी नऊ ते दुपारी चार कुठलीही सावली पडता कामा नये. एका कोपऱ्यावर कडुनिंबाची सावली आली तरी ओळीतल्या सगळ्या पॅनेलची वीज घटते. कुंपण घाला आणि चोरीला अवघड जातील असे बोल्ट लावा. करारात पाच वर्षांची देखभाल आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार हे लिहून घ्या.

६. जलसुरक्षकाचं (पाणी शुद्ध ठेवणाऱ्या गावातल्या माणसाचं) रोजचं काम

१,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे आपल्या गावाला रोज १६५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. अर्ध्या तासाने पाणी सोडा. शेवटच्या घराच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी चाचणी) घ्या, पाणी पिवळं झालं पाहिजे. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. पोतं उघडं किंवा ओलीत राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, त्यामुळे वर्षभराचा साठा एकदम घेऊ नका. पॅनेल आठवड्याला एकदा, ऊन चढायच्या आत, साध्या पाण्याने पुसा.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आरोग्य खात्याचं सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल आलं तर कारणांची यादी मागून घ्या. गळका व्हॉल्व्ह, विहिरीभोवतीचं डबकं, संपलेलं टीसीएल अशीच ती बहुधा असतात आणि पाणीपट्टीच्या खात्यातून आठवड्याभरात दुरुस्त करता येतात.